‘आलोच’ नावाचं नेटवर्क

लॅपटॉपच्या खालच्या कोपऱ्यातलं चिन्ह दाबलं की आसपासच्या नेटवर्कांची यादी उघडते. समोरच्या बेकरीचं, शेजारच्या दातांच्या डॉक्टरांचं, वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या नर्स मुलींचं. या सगळ्यांच्या वर, पहिल्या ओळीत, ‘आलोच’. त्याच्या खाली बारीक अक्षरांत ‘जोडलेले, सुरक्षित’.

हे नेटवर्क माझ्या नवऱ्याच्या फोनचं आहे. त्याला जाऊन दीड वर्ष झालं.

नाव त्यानंच दिलेलं. एका साखर कारखान्याच्या ऑफिसात तो कामाला होता. सकाळी गाडीला किक मारताना ‘आलोच’, कोपऱ्यावर दूध आणायला जाताना ‘आलोच’, मित्रांबरोबर दिवसभर पन्हाळ्यावर उंडारायला जाताना पण ‘आलोच’. मी चिडायचे. म्हणायचे, खरं सांगून जा की, रात्री जेवायला येतो म्हणून. तो हसायचा आणि जायचा. फोनच्या हॉटस्पॉटला नाव द्यायची वेळ आली तेव्हा त्यानं मला डिवचायला मुद्दाम तेच टाकलं.

मी दुभाषाचं काम करते. माझं माहेर शिरोळ भागातलं, घरात निम्मं कानडी निम्मं मराठी, त्यामुळे दोन्ही भाषा मला शिकाव्या लागल्या नाहीत. कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात सीमेपलीकडचे पेशंट फार येतात. डॉक्टर मराठीत बोलतात, पेशंटला कानडीच कळतं, आणि मध्ये मी. पूर्वी मी रोज तिथं जायचे. त्या दिवशी मात्र घरी होते, कारण पाठ दुखतेय म्हणून नवऱ्यानं रजा टाकली होती आणि मीही त्याच्यासाठी सुट्टी घेतली होती. दुपारी दवाखान्यातून फोन आला, पाच मिनिटं व्हिडिओवर याल का, एक बाई अडलीय. नवरा पडल्या पडल्या म्हणाला, माझं नेट घे. फोन त्यानं फडताळावर ठेवला आणि कूस बदलली.

मी दार लोटून पलीकडच्या खोलीत बसले. त्या बाईला मुतखड्याचं पथ्य समजावून सांगितलं. पालक नको, टोमॅटोच्या बिया नकोत, पाणी भरपूर. तिनं चहाचं विचारलं, मी डॉक्टरांना विचारलं, सगळे हसलो. बाहेर आले तेव्हा तो गेलेला होता. नेट एकदाही तुटलं नव्हतं. ही गोष्ट मला आजही सहन होत नाही. काहीतरी तुटायला हवं होतं, निदान चित्र तरी अडकायला हवं होतं, म्हणजे मी उठून बघायला आले असते.

आम्ही लिंगायत, आमच्यात जाळत नाहीत. बसवून, हातात इष्टलिंग देऊन, माती देतात. सासूबाई, म्हणजे अव्वा, तेव्हापासून कधीही ‘गेला’ म्हणत नाहीत. ‘बसलाय की त्यो,’ म्हणतात. अव्वांना सगळं गाव अव्वाच म्हणतं, मीही. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे आता घरात आम्ही दोघीच.

त्याचा फोन त्याच्या अंगठ्यानं उघडायचा. आकडे घालूनही उघडायचा असणार, पण ते आकडे मी कधी विचारले नाहीत आणि त्यानं कधी सांगितले नाहीत. नवरा-बायकोत असलं काय विचारायचं, असं वाटायचं. तो अंगठा मातीत गेला आणि फोन मात्र फडताळावर चालू राहिला. अव्वांनी तो उचलून देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवला, त्याच्या फोटोच्या पुढं, आणि चार्जर लावला. ‘त्यानं चालू ठेवलाय, चालूच ऱ्हाऊ दे. हात लावायचा न्हाय कुनी.’

मी हात लावला नाही. पण काही दिवसांनी लॅपटॉपसमोर बसले, तो त्या दुपारपासून चार्जरला लावलेला, उघडाच राहिला होता, आणि यादीत ‘आलोच’ दिसलं, जोडलेलं. मला घाम फुटला. मग डोकं ताळ्यावर आणून विचार केला. हॉटस्पॉटला कुणीच जोडलेलं नसलं की थोड्या वेळात तो आपोआप बंद पडतो, हे नवऱ्यानंच मला कधीतरी सांगितलं होतं. म्हणजे तो बंद पडला नाही, कारण माझा लॅपटॉप त्याला धरून बसला होता. त्यानं धरलं म्हणून हा चालू, आणि हा चालू म्हणून त्यानं धरलेलं. एकदा का सुटलं की संपलं. बंद पडलेला हॉटस्पॉट पुन्हा चालू करायला फोन उघडावा लागतो, आणि फोन उघडणारं कुणी उरलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी लॅपटॉप झोपू दिलेला नाही. झाकण मिटलं तरी जागा राहील अशी सोय करून ठेवली. नवऱ्याच्या नंबरचं रिचार्ज न चुकता करते. शहाण्या बाईनं असलं करू नये, मला कळतं. पण घरी एकटीच असताना यादी उघडायची, पहिली ओळ वाचायची आणि यादी मिटायची, एवढं मला लागायचं.

अव्वांचं वेगळं होतं. नवरा असताना रोज दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, तो अव्वांना फोन करायचा. ‘अव्वा, जेवून घे.’ एवढंच. तो फोन आल्याशिवाय अव्वा ताटावर बसायच्या नाहीत. मी घरी असले तरी माझं ऐकायच्या नाहीत. तो गेल्यावर त्यांनी दुपारचं जेवणच सोडलं. नातेवाईक आले, समजावून गेले. नृसिंहवाडीचा प्रसाद कुणी आणून दिला, तो कपाळाला लावला आणि डब्यात ठेवला. अंगावरचं लुगडं ढिलं व्हायला लागलं. अव्वांना एकटं सोडायची मला भीती वाटायला लागली, म्हणून मी दवाखान्याला सांगून घरूनच काम सुरू केलं, त्याच्याच नेटवर. दुसरं नेट घरात नव्हतंच.

आणि एका दुपारी कोनाड्यातला फोन वाजला. टिंग, असा एकदाच. अव्वा भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली, थोडा वेळ ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘जेव म्हनतोय.’ उठल्या, हात धुतले, स्वतःच्या हातानं भाकरी-आमटी वाढून घेतली आणि जेवल्या.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून रडले. कसला मेसेज आला, कुठून आला, मी बघितलंच नाही. कंपन्या काहीबाही पाठवतच असतात. फोनच्या पडद्यावर आम्हा दोघांचा फोटो होता आणि तो मला बघवत नव्हता, म्हणून मी कोनाड्याकडं फिरकायचेच नाही. दुसऱ्या दिवशीही दुपारी टिंग झालं. तिसऱ्या दिवशीही. रोज एकदा, कधी एक वाजता, कधी दोनला. रविवारी वाजायचा नाही. तेव्हा अव्वा म्हणायच्या, ‘आज सुट्टी हाय त्याची,’ आणि माझ्याबरोबर जेवायच्या. अंगावर काटा येतो म्हणजे काय ते मला त्या रविवारी कळलं. मी शिकलेली बाई आहे, तरी कधीकधी टिंग झालं की हात आपोआप पदर सावरायला जायचा.

असं वर्षभर चाललं. मग काम बिघडायला लागलं.

फोनचं नेट हळूहळू रडायला लागलं. माझं तोंड पडद्यावर अडकायचं, आवाज तुकड्यातुकड्यानं जायचा. एके दिवशी अथणीकडचे एक आज्जा होते. पोटात गाठ होती. डॉक्टर म्हणाले, गाठ वाईट आहे, पण लवकर सापडलीय, काढता येईल. मी पहिलं वाक्य कानडीत सांगितलं आणि चित्र गोठलं. दुसरं वाक्य त्यांच्यापर्यंत पोचेपर्यंत आज्जांनी सुनेला सांगितलं होतं की मला गावाकडं न्या, मला माझ्या घरात मरायचंय. चप्पल घालून निघाले होते. मी पुन्हा जोडली गेले तेव्हा सिस्टर त्यांना धरून खुर्चीत बसवत होत्या. मी किती वेळा माफी मागितली, आठवत नाही.

संध्याकाळी दवाखान्यातून समन्वयक बाईंचा फोन आला. चांगल्या आहेत त्या, ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, ‘मॅडम, तारेचं नेट घ्या. न्हायतर आम्हाला दुसरं कुणीतरी बघायला लागेल. आणि आज्जांचं ऑपरेशन ठरलं की तुम्हीच पायजे म्हणतायत ते, तवा लवकर घ्या.’

केबलवाला आला. टीव्हीच्या तारेबरोबरच नेटची तार ओढली, खोलीपर्यंत आणली. माझ्या लॅपटॉपला तारेचं भोकच नाही, म्हणून त्यानं त्याच्या पिशवीतून एक जुनी डबी काढून दिली; एका बाजूला तार, दुसऱ्या बाजूनं लॅपटॉपला. दिवा लागला. तो म्हणाला, ‘झालं बघा वहिनी. आता ते वायफाय बंद करून टाका. हाय काय आन न्हाय काय.’ आणि बोट पडद्याकडं नेलं. मी त्याचं मनगट धरलं. बिचारा दचकलाच. मी म्हटलं, राहू द्या, माझं मी बघते. तो गेल्यावर मला माझीच लाज वाटली, पण बंद केलं असतं तर?

पण नुसती तार लावून भागेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, चित्र अडकतंय. तार लागलेली, दिवा जळतोय, आणि लॅपटॉप मात्र सगळं बोलणं अजून ‘आलोच’वरूनच पाठवतोय. मी चिडून दोन दिवस शोधाशोध केली. निघालं ते असं: दोन वाटा उघड्या असल्या की मशीन कागदावरचा वेग बघतं आणि ज्याचा जास्त त्याच्या मागं जातं. जुन्या डबीचा वेग कागदावर कमी, फोनचा जास्त. प्रत्यक्षात कोण चालतंय आणि कोण रडतंय याची त्याला पर्वा नाही. स्थळाचा पगार विचारायचा आणि स्वभाव विचारायचा नाही, तसलं.

त्यावर उपाय होता, आणि तो वाचल्यावर मला देव भेटल्यासारखं झालं. वायफाय तोडायची गरज नव्हती. प्रत्येक वाटेला एक आकडा द्यायचा. ज्याचा आकडा लहान, त्याला मान पहिला. सेटिंगच्या पोटात, आणखी पोटात, एका चौकोनात बरोबरची खूण होती, म्हणजे मशीन स्वतःच आकडे ठरवत होतं. ती खूण काढली. तारेला पाच दिला. ‘आलोच’ला पन्नास दिला. दोन्ही जोडलेले राहणार, फक्त बोलणं तारेवरून जाणार. त्याच्या नावापुढं पन्नास लिहिताना बोट थबकलं, खोटं कशाला बोलू. पण यादी उघडून बघितली. पहिल्या ओळीत तार, दुसऱ्या ओळीत ‘आलोच’, जोडलेले, सुरक्षित. मला इतकं हलकं वाटलं की मी त्या दिवशी कधी नाही ते गाणं गुणगुणत कपडे वाळत घातले.

काम सुरळीत चाललं. पूर्ण दुपार एकदाही कुणी गोठलं नाही. समन्वयक बाईंनी अंगठ्याचं चित्र पाठवलं.

चारच्या सुमाराला बाहेर आले तर ताट झाकलेलं. अव्वा कोनाड्यासमोर बसलेल्या. ‘जेवला नाहीत?’ म्हटलं.

‘वाजला न्हाय.’

‘वाजेल. उशीर झाला असेल.’

‘उशीर करत न्हाय त्यो.’

दुसऱ्या दिवशीही वाजला नाही. मला वाटलं फोन गेला. पण यादीत नाव होतं, म्हणजे फोन जिवंत होता. तिसऱ्या दिवशी अव्वांनी सकाळचा चहाही अर्धाच घेतला आणि म्हणाल्या, ‘काय चुकलं असंल गं माजं?’ मुलगा गेला तेव्हासुद्धा त्यांनी हे विचारलं नव्हतं.

त्या अंघोळीला गेल्या तशी मी कोनाड्याशी गेले. दीड वर्षात पहिल्यांदा त्या पडद्याकडं बघितलं. आमचा फोटो मेसेजांनी झाकून गेला होता. एकाखाली एक, एकाखाली एक, सगळे सारखेच. ‘प्रिय ग्राहक, तुमचा आजचा निम्मा डेटा संपला आहे.’ शेवटचा तीन दिवसांपूर्वीचा.

मी खाली बसले. निम्मा डेटा संपायचा, कारण मी दुपारपर्यंत पेशंटांशी बोलायचे. रविवारी संपायचा नाही, कारण रविवारी माझा दवाखाना बंद. आता बोलणं तारेवरून जात होतं, तेव्हा ‘आलोच’वरून काहीच जात नव्हतं. फोन जोडलेला होता, चार्ज होता, नाव दाखवत होता आणि मुका होता. मुका मीच केला होता, पाच आणि पन्नास लिहून.

लॅपटॉपसमोर जाऊन बसले आणि तो चौकोन उघडला. आकडे उलटे करायचे, एवढंच. तारेला पन्नास, त्याला पाच. दुपारी टिंग होईल, अव्वा जेवतील. पण दुपारीच आज्जांचं ऑपरेशनच्या आधीचं बोलणं होतं. काय कापणार, काय धोका, सही कशाला, हे सगळं त्यांना माझ्या तोंडून ऐकायचं होतं. पुन्हा अर्ध्यात गोठले तर ते या वेळी खरोखर निघून जातील. एकीकडं ते आज्जा, दुसरीकडं माझी अव्वा. मी बोट त्या आकड्यावर ठेवून बसून राहिले. मला नवऱ्याचा भयंकर राग आला. इतका राग मला तो गेल्यापासून आला नव्हता. फोनचे आकडे तरी सांगून जायचे होतेस, म्हटलं, मोठ्यानं म्हटलं.

‘कुनाशी बोलतीस?’ अव्वा दारात उभ्या होत्या, ओल्या केसांनी. त्यांची नजर माझ्यावर नव्हती, जमिनीवरून गेलेल्या तारेवर होती. ‘ही आली आनि त्यो गप बसला. मला काय कळत न्हाय व्हय? काढ ती.’

‘अव्वा, काढता येत नाही.’

‘का येत न्हाय? घातली तशी काढायची.’

मग मी सांगितलं. त्यांना जमिनीवर बसवलं, समोर बसले आणि सगळं सांगितलं. तो कंपनीचा मेसेज आहे. निम्मं नेट संपलं की येतो. नेट कशानं संपायचं, तर मी इथं बसून पेशंटांशी बोलायचे त्यानं. आता तार आली, म्हणून संपत नाही. वर्षभर त्या ज्या घासावर जगल्या तो मी त्यांच्या तोंडातून काढून घेतेय, असं वाटत होतं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या ऐकत होत्या, ओले केस मुठीत धरून.

मग म्हणाल्या, ‘म्हंजे त्यो न्हवता.’

‘नाही, अव्वा.’

‘तू बोललीस की वाजायचा.’

‘व्हय.’

‘आनि तू ज्या दिशी गप, त्या दिशी त्यो बी गप.’

‘व्हय.’

आत चार्जरचा दिवा लुकलुकत होता. बाहेर बेकरीच्या दारात कुणीतरी पावाची क्रेट आपटली. अव्वांनी केस सोडले, माझ्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. डोळे भरलेले होते, पण आवाज त्यांचा नेहमीचाच, चढा.

‘मग वरीसभर मला रोज जेव म्हनत हुतीस ती तूच की,’ त्या म्हणाल्या. ‘तोंडानं सांगायचं हुतंस. मी काय बहिरी हाय?’